गूगल अलर्ट्स: लहान मराठी ब्रँडला कितपत उपयोगी?

आमचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय असून निम्म्याहून अधिक विक्री संकेतस्थळावरून होते. आपल्या मालाविषयी लोक इंटरनेटवर कोठे काय लिहितात हे वेळेत कळावे, म्हणून २००३ पासून चालू असलेली गूगल अलर्ट्स ही मोफत सेवा मी गेले अनेक महिने वापरत आहे. हवा तो शब्द नोंदवून ठेवला की तो शब्द असलेले नवे पान गूगलला सापडताच ईमेल येते. ते लगेच हवे, दिवसातून एकदा हवे की आठवड्यातून एकदा, हे आपण ठरवायचे. मी रोज एकदाचा पर्याय ठेवला आहे.

खरे कष्ट आहेत ते शब्द नोंदवण्यात. आमच्या नावातला दुसरा शब्द ‘मसाले’ आहे, पण मराठीत लिहिणारा माणूस ‘मसाल्यांची चव’, ‘मसाल्यांमध्ये’ असेच लिहिणार, आणि अवतरणचिन्हांत नेमके नाव दिले असेल तर ही सामान्यरूपे हाती लागत नाहीत. त्यामुळे देवनागरीतली चार-पाच रूपे आणि रोमन लिपीत लोक करतात ती वेगवेगळी स्पेलिंगे यांसाठी स्वतंत्र अलर्ट लावावे लागले. मराठी नावाच्या प्रत्येक व्यावसायिकाने एवढे तरी केलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. स्वतःचे संकेतस्थळ वजाचिन्ह लावून वगळावे, नाहीतर आपलीच पाने आपल्याला परत येत राहतात. आमच्या नावाने खोटी सवलत दाखवणाऱ्या कूपनच्या पानांचाही सुरुवातीला फार उपद्रव झाला. ‘कूपन’ हा शब्द दोन्ही लिप्यांत वगळल्यावर तो बराच कमी झाला.

या सेवेचे मोल मला पावसाळ्यात कळले. एका गृहिणीने आपल्या ब्लॉगवर लिहिले होते की, आमच्या गोड्या मसाल्याचे पाकीट एकदा उघडले की आठवड्याभरात त्याला दमटपणा येतो आणि दगडफुलाचा वास उरत नाही. ईमेल दुसऱ्या दिवशी सकाळी आले, मी तेथेच उत्तर लिहिले, त्यांना नवे पाकीट पाठवले आणि पुढच्या खेपेपासून पुन्हा बंद करता येणारी जाड पिशवी सुरू केली. ही तक्रार त्यांनी आमच्याकडे कधीच केली नसती.

मर्यादाही मोठ्या आहेत. गूगलच्या शोधात जे येत नाही ते येथेही येत नाही. फेसबुकवरचे बंद गट आणि व्हॉट्सॲपवरच्या गप्पा पूर्णपणे बाहेर राहतात, आणि मसाल्यांची खरी चर्चा तर तेथेच होते. शिवाय कधीकधी जुनेच पान नवे म्हणून येते, म्हणून उत्तर देण्यापूर्वी मजकुराची तारीख पाहावी. व्हॉट्सॲपवरचे बोलणे कानावर यावे यासाठी आम्ही आता प्रत्येक पार्सलमध्ये आमचा क्रमांक असलेली चिठ्ठी घालतो. चव बिघडली, पाकीट फुटले, तर लोक थेट फोटो पाठवतात.