'शार्प ऑब्जेक्ट्स': आधी पुस्तक, मग मालिका, मग पुन्हा पुस्तक

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 39 फुटांची इशारा पातळी ओलांडली होती. घरात सगळे दर तासाला फूट-इंच बघत होते आणि मी कोपऱ्यात गिलियन फ्लिनची 'शार्प ऑब्जेक्ट्स' ही रहस्यकादंबरी घेऊन बसले होते. जेमतेम अडीचशे पानांचं पुस्तक, दोन रात्रींत संपलं. दिवाळीच्या सुट्टीत भाची आली, तिच्याबरोबर त्यावरची आठ भागांची मालिका पाहिली. फेब्रुवारीत पुस्तक पुन्हा वाचलं, मालिकेचे तीन भाग पुन्हा लावले. आता मार्च संपत आलाय, आणि आधी वाचू की आधी बघू असं कुणी विचारलं तर माझं उत्तर पक्कं आहे: आधी वाचा.

खुनी कोण ते सांगणार नाही. शेवटाजवळ जाईन तेव्हा आधी सांगेन.

कॅमिल प्रीकर ही वार्ताहर. तिच्या जन्मगावी, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या विंड गॅप नावाच्या (काल्पनिक) गावात एका मुलीचा खून झालाय, दुसरी बेपत्ता आहे. संपादक बातमीसाठी तिलाच धाडतो. उतरायचं कुठं, तर आईच्या घरी. आई अडोरा म्हणजे गावातली सगळ्यात श्रीमंत बाई, डुकरांच्या धंद्याची मालकीण. घरात सावत्र बाप अ‍ॅलन आणि तेरा वर्षांची अ‍ॅमा. मधली बहीण मॅरियन लहानपणीच आजारात गेलेली. आणि कॅमिलनं स्वतःच्या अंगावर ब्लेडनं शब्द कोरून घेतलेत. भर उन्हाळ्यात ती लांब बाह्यांचे कपडे घालून वावरते.

पुस्तक आणि मालिका यांतला फरक मला त्या शब्दांतच सगळ्यात जास्त जाणवला. पुस्तक कॅमिलच्या तोंडून आहे. समोरचा काही बोलला की तिच्या कमरेवरचा, घोट्यावरचा एखादा शब्द ठणकायला लागतो, आणि कुठला शब्द ते ती सांगते. ते वाचताना आपण तिच्या कातडीच्या आत असतो. पहिला शब्द तिनं तेराव्या वर्षी कोरला. शेवटचा होता 'व्हॅनिश', म्हणजे नाहीशी हो. पाठीवर मात्र मुठीएवढा एक गोल कोरा राहिलाय, कारण तिथं तिचा हात पोचत नाही. अडोरा एकदा तिला म्हणते की तिथं एक दिवस मी माझं नाव कोरीन. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि उठून दिवा लावला.

मालिकेत आपण तेच शब्द बाहेरून बघतो. बाथटबमधल्या पाण्याखाली ते दिसतात तेव्हा धक्का बसतो, पण त्यांचं ठणकणं आपल्यापर्यंत येत नाही. दिग्दर्शक जाँ-मार्क व्हॅले (2021 मध्ये गेले) यांनी त्यावर वेगळा उपाय काढलाय. पाट्यांवर, गाडीवर, सामानावर शब्द क्षणभर येऊन जातात. पुन्हा बघताना ते शोधत बसले तर एका भागाला दोन तास लागले. भागांची नावंसुद्धा तिच्या अंगावरचेच शब्द आहेत. शिवाय आठवणी पापणी लवावी इतक्या वेळात येऊन जातात. पहिल्याच भागात भाची म्हणाली, "मावशी, हे मधनंच काय दिसाय लागलंय? कोण ही बारकी पोरगी?" मला कळत होतं, कारण मी वाचलेलं होतं. तिला तिसऱ्या भागापर्यंत लय सापडली नाही, आणि तो दोष तिचा नाही.

एक बदल मला पटला नाही. पुस्तकात कॅमिल शिकागोच्या वर्तमानपत्रात असते, मालिकेत सेंट लुइसच्या. सेंट लुइस मिसुरीतच आहे. इथली मुलगी पुण्यात नोकरीला असणं आणि दिल्लीला जाऊन राहणं यात जो फरक, तोच हा. पुण्याची मुलगी रात्री निघाली तर सकाळी घरात असते. पुस्तकातल्या कॅमिलनं आईपासून लांब जायला जास्त मैल घातलेत, म्हणून तिचं परतणं जास्त जड वाटतं.

मालिकेनं भर घातली ती कॅल्हून डेची. अडोराच्या बंगल्याच्या आवारात अख्खा गाव नटूनथटून जमतो, गावाच्या इतिहासातला एका मुलीवरचा अत्याचार शौर्य म्हणून साजरा करतो आणि अ‍ॅमा त्या नाटकात काम करते. हे पुस्तकात नाही. मला वाटतं मालिकेतला सगळ्यात मोलाचा भाग तोच. गावाला सगळं माहीत असतं आणि गाव सरबत पीत उभा असतो, हे पुस्तकात इतकं अंगावर आलं नव्हतं.

एमी अ‍ॅडम्स कॅमिल झालीय, चांगलीच झालीय. पण माझ्या डोक्यात राहिली पॅट्रिशिया क्लार्कसनची अडोरा. 2019 मध्ये तिला याच कामासाठी गोल्डन ग्लोब मिळाला. आवाज कधी चढत नाही. हातात चमचा, आणि तो मुलीच्या ओठांशी नेताना चेहऱ्यावर खरीखुरी माया. पुस्तकातली अडोरा जास्त क्रूर आहे. तिथं कॅमिलची एक आठवण आहे: शेजारणीचं तान्हं बाळ खेळवताना आई आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्याच्या गालाला चावते. ते वाचल्यावर अडोराबद्दल शंका उरत नाही. क्लार्कसनच्या अडोराबद्दल मला सातव्या भागापर्यंत वाईट वाटत होतं, आणि ती ताकद मालिकेची.

वापराच्या बारीकसारीक गोष्टीही सांगते. मालिका फार अंधारी आहे, दिवसा पडदे ओढून बघा. उच्चार अमेरिकेच्या दक्षिणेकडचे, त्यामुळे सबटायटल लावाच. पुस्तकाचं इंग्रजी साधं आहे, पण मी मागवलेल्या प्रतीची बांधणी दुसऱ्या वाचनात सुटली, शेवटची काही पानं आता वेगळीच झालीत. आणि स्वतःला इजा करण्याचे विचार ज्यांना कधी आलेत किंवा येतात, त्यांनी यातलं काहीच एकट्यानं रात्री हातात घेऊ नये. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी नंबर जवळ असू द्या.

आता शेवट. ज्यांना काहीच कळायला नको त्यांनी इथं थांबावं.

मालिका एका वाक्यावर झटकन काळी पडते. नावं पडायला लागली म्हणून भाची चहा टाकायला उठली आणि नावांच्या मधे दाखवलेलं सगळं तिचं हुकलं. मागं नेऊन पुन्हा दाखवलं. तेव्हा बंद करू नका. धक्का जबरदस्त आहे, आठवडाभर आम्ही दोघी त्यावरच बोलत होतो.

पुस्तक मात्र त्या धक्क्यानंतर आणखी थोडं चालतं. अगदी शेवटी कॅमिल स्वतःला विचारते, मी कुणाची तरी काळजी घेत होते ते मायेनं, की मला ते करायला आवडत होतं म्हणून, आईचाच हा आजार माझ्यात आहे म्हणून? मालिकेनं हे घेतलं नाही. मला वाटतं मालिकेचं सगळ्यात मोठं नुकसान इथंच झालंय, कारण सगळी गोष्ट या प्रश्नासाठी होती.

माझी आई दोन वर्षं अंथरुणाला होती. गोळ्या, मोजून औषध, अंग पुसणं, सगळं मी केलं. गेल्या वर्षी ती बरी होऊन काठी घेऊन चालायला लागली. त्या दिवशी मला आनंद झाला आणि त्याच्याखाली रिकामंही वाटलं. हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. जुलैत ते पान वाचलं तेव्हा कुणीतरी माझं नाव घेऊन विचारल्यासारखं झालं. फेब्रुवारीत पुन्हा वाचायला घेतलं ते त्या पानासाठीच.

मालिकेच्या शेवटच्या भागाचं नाव 'मिल्क' आहे. तो दुसऱ्यांदा पाहिल्यावर आईला घेऊन गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेले होते. समोर म्हैस पिळून फेसाचा पेला हातात देतात. पेला मी तिच्या ओठांशी न्यायला लागले. "दे इकडं, माझं मी पिते," असं म्हणून तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि उभ्या उभ्या संपवला. मी बाजूला होऊन सुट्टे पैसे मोजत राहिले.