एक लाखाचा देणगीदार

गणपतीच्या वर्गणीला 501 रुपयांच्या वर मी कधी गेलो नाही. तरी आयकर खात्याच्या दप्तरी मी एका राजकीय पक्षाला एक लाखाची देणगी दिलेली आहे. पक्ष कुठला, हे मलाही माहीत नाही.

चाकणला कंपनीत आहे, दरमहा पगारातून टीडीएस कापला जातो. जुलै 2023 मध्ये शेजारच्या लाइनवरचा एक जण गेटबाहेरच्या टपरीवर एका ‘टॅक्सवाल्या साहेबां’ना घेऊन आला. “दादा, तुमचा टॅक्स जास्त कापलाय. कंपनी फॉर्म 16 मध्ये, म्हणजे पगार आणि कापलेल्या टॅक्सच्या दाखल्यात, सगळ्या सवलती धरत नाही. वीस हजार काढून देतो, मला पंधरा टक्के द्या.” पॅन, आधार, ओटीपी, सगळं देऊन टाकलं. महिन्याभरात 20,800 जमा! त्याला तीन हजार दिले, उरलेल्यात फ्रीज घेतला. हे पैसे कुठल्या सवलतीचे, ते विचारलं नाही. खरं तर विचारायचंच नव्हतं.

14 जुलै 2025 ला खोट्या वजावटी लावून देणाऱ्यांवर आयकर खात्याने देशभर दीडशेच्या वर ठिकाणी कारवाई केली. बातमी शिफ्टच्या ग्रुपवर आली तसा घाम फुटला. आयकराचं पोर्टल उघडायला गेलो तर पासवर्ड चालेना. आधारच्या ओटीपीवर नवा घेतला. प्रोफाइलमध्ये ईमेल माझा नव्हता, मोबाइलही नव्हता. खात्याची पत्रं दोन वर्षं त्या परक्या ईमेलवर जात असणार आणि मी इथे निर्धास्त!

रिटर्नमध्ये कलम 80 जीजीसीसमोर 1,00,000. नोंदणीकृत पक्षाला रोखीशिवाय दिलेल्या देणगीवर पूर्ण वजावट मिळते, ते हे कलम. जुन्या करपद्धतीतच चालतं, म्हणून त्याने तीच निवडली होती. लाखावर 20 टक्के कर आणि त्या करावर 4 टक्के सेस (उपकर), बरोबर 20,800. त्या वर्षीच्या फॉर्ममध्ये नुसता आकडा टाकला की भागायचं. व्यवहाराचा क्रमांक आणि आयएफएससी पुढच्या वर्षापासून मागायला लागले. एचआरच्या ताई म्हणाल्या, “पगारातून पक्षनिधी आम्ही कधी कापलाच नाही, फॉर्म 16 मध्ये येईल कुठून?”

आमच्यातल्या एकाचं तर याहून पक्कं काम होतं. त्याने खरंच चेक दिला होता, पक्षाची छापील पावती आहे, आणि कमिशन कापून बाकी रोख हातात परत. पक्षाची निवडणूक आयोगाकडे नोंद होती म्हणून तो बिनधास्त. पण 2019 पासून एकही निवडणूक न लढवलेले 334 नोंदणीकृत पक्ष आयोगाने ऑगस्ट 2025 मध्ये यादीतून काढले. नोंद असणं आणि पक्ष असणं यात एवढं अंतर आहे.

सीएने अपडेटेड रिटर्न, म्हणजे आधीची चूक कबूल करून उशिरा भरायचं सुधारित रिटर्न, भरून घेतलं. मूळ कर, व्याज आणि त्या दोन्हींवर 50 टक्के जादा, मिळून 35 हजारांच्या आसपास गेले. चुकीची माहिती दिल्याचा दंड लागला असता तर एकट्या कराच्या दुप्पट, म्हणजे 41,600.

तुमचंही रिटर्न कुणी असंच भरून दिलं असेल तर आज रात्रीच प्रोफाइलमधला ईमेल तपासा, मग रिटर्नची पीडीएफ काढून 80 जीजीसीची ओळ पाहा. उशीर होईल तसा जादा कर 60, मग 70 टक्क्यांवर जातो. आणि मी भरलं तेव्हा, 2025 मध्ये, फेरतपासणीची नोटीस आधी येऊन थडकली असती, तर सहसा अपडेटेड रिटर्नचा रस्ताही बंद होता.