जुन्या ट्रकला मोठा अल्टरनेटर: घडवून घेतलेला ब्रॅकेट की बिडाचा?

इंदूरमध्ये जुना ट्रक बाळगणाऱ्याला जास्त अँपिअरचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज तयार करून बॅटरी भरणारे यंत्र, मिळवणे अवघड जात नाही. तो इंजिनावर कशाच्या आधाराने बसवायचा, हा प्रश्न मात्र पैसे मोजून झाल्यावर समोर येतो. माझ्या २४ व्होल्टच्या १६१३ मॉडेलच्या ट्रकवर पूर्वी ३५ अँपिअरचा अल्टरनेटर होता. त्या जागी ८० अँपिअरचा मी दोन्ही प्रकारे बसवून पाहिला आहे: आधी देवास नाक्याजवळ लोखंडी पट्ट्या कापून वेल्डिंगने घडवलेल्या ब्रॅकेटवर, आणि साडेचार महिन्यांनी त्याच जातीच्या इंजिनासाठी ओतलेल्या बिडाच्या ब्रॅकेटवर. जुन्याच अल्टरनेटरला जाड तारेचे वाइंडिंग करून घ्यावे, असाही सल्ला मला मिळाला होता. पण वीज एकाच दिशेने वाहू देणारे डायोड आणि हवा खेळण्याची सोय मूळचीच राहते, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

किंमत आणि वेळ पाहिल्यास घडवलेला ब्रॅकेट निर्विवाद सरस ठरतो. सकाळी गाडी लावली आणि संध्याकाळी ती चालू करून बाहेर काढली. बिडाच्या ब्रॅकेटसाठी लोहामंडीपासून देवास नाक्यापर्यंत तीन आठवडे शोध घ्यावा लागला, आणि तो मिळाल्यावरही त्याची ताणपट्टी (अल्टरनेटर ताणून धरणारी पट्टी) व मधले बुश (बोल्टभोवतीच्या नळ्या) वेगळे जमवावे लागले. ज्यांची गाडी एक दिवसही उभी राहू शकत नाही, त्यांना हा फरक लहान वाटणार नाही.

माझा निर्णय मात्र एका बोल्टने केला. घडवलेल्या ब्रॅकेटमध्ये अल्टरनेटर ज्यावर झुलतो त्या खालच्या लांब बोल्टचे डोके इंजिनाच्या पुढच्या झाकणाकडे आले होते, आणि तेथे रिंग पाना एका वेळी जेमतेम एक खाचच फिरत असे. इंजिनाच्या पुलीवरून अल्टरनेटर फिरवणारा रबरी पट्टा ताणायचा तर आधी हा बोल्ट सैल करायचा, मग टॉमीने (लोखंडी दांड्याने) अल्टरनेटर बाहेर दाबून धरायचा आणि त्याच अवस्थेत वरचा नट आवळायचा. या कामाला दोन माणसे लागत. पहिल्या पंधरा दिवसांत हे एकदा करावे लागले, तेव्हा नवा पट्टा सुरुवातीला थोडा सैल पडतोच, असे मी मानले. पुढे दर दोन आठवड्यांनी तेच सुरू झाले. सकाळी स्टार्टर मारताच पट्टा किंचाळायचा, आणि पुलीभोवती काळ्या रबराची भुकटी साचलेली दिसायची. शेवटी अल्टरनेटर उतरवला, तेव्हा पट्टीतले बोल्टचे भोक अंडाकृती झालेले होते आणि पुली इंजिनाच्या पुलीपेक्षा सुमारे चार मिलिमीटर मागे गेलेली होती. व्ही आकाराच्या अशा पट्ट्याला अर्ध्या अंशापेक्षा जास्त तिरकेपणा मानवत नाही. फूटभर अंतरात तो अडीच मिलिमीटरच्या आसपास भरतो.

हा दोष कारागिराच्या हाताचा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ८० अँपिअर २८ व्होल्टला म्हणजे सव्वादोन हजार वॉट, आणि अल्टरनेटरमध्ये वाया जाणारी शक्ती धरली तर पट्ट्यावर साधारण पाच अश्वशक्तीचा भार येतो. मूळच्या ३५ अँपिअरला तो निम्म्याहूनही कमी होता. वजनही वाढलेले, त्यात डिझेल इंजिनाचे हादरे. सपाट पट्टीचे बोल्ट धरणारे कान ते फार काळ सोसत नाहीत. माझ्या गाडीत हाच पट्टा पाण्याचा पंप फिरवतो, त्यामुळे मानपूरच्या चढावर पट्टा घसरला की बॅटरीआधी इंजिनाच्या तापमानाचा काटा हलत असे, आणि मला तीच चिंता जास्त होती.

काही गोष्टी दोन्ही मार्गांना सारख्याच लागू आहेत. डॅशबोर्डवरच्या जुन्या अँपिअर मीटरमधून सगळा प्रवाह जात असेल, तर तो मीटर वगळून अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत जाड केबल, मध्ये फ्यूज घालून, थेट न्यावी. मी २५ चौरस मिलिमीटरची टाकली. गाडीवरच वेल्डिंग होणार असेल तर बॅटरी व अल्टरनेटरच्या तारा आधी सोडवाव्यात, नाहीतर नव्या अल्टरनेटरचे डायोड पहिल्याच दिवशी जाऊ शकतात. ज्या गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागेच जोडलेला असतो, तेथे पंपाची सोय झाल्याशिवाय या कामाला हातच लावू नये. आणखी एक अपेक्षा आवरावी लागते: इंजिन मंद चालत असताना मोठा अल्टरनेटरही त्याच्या क्षमतेचा काही भागच देतो. लहान पुली लावून वेग वाढवता येतो, पण पट्ट्याची पकड कमी होते, आणि पुन्हा किंचाळणे सुरू होते.

शहरातल्या शहरात, दिवसा फिरणाऱ्या गाडीला जाड पट्टीचा, दोन्ही बाजूंनी आधार दिलेला आणि भोकांत कडक बुश ठोकलेला ब्रॅकेट बहुधा पुरेल; त्यात पट्टा ताणायला स्क्रू बसवून घेतला तर माझा अर्धा आक्षेप मिटतो. रात्री आग्रा-मुंबई रस्त्यावर, हेडलाइट, धुक्याचे दिवे, वायपर आणि केबिनचा पंखा एकत्र चालवत जाणाऱ्याने तीन आठवडे थांबणे मला अधिक योग्य वाटते. बिडाचा ब्रॅकेट मी आषाढात बसवला. दसऱ्याला गाडीची पूजा करण्याआधी पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, वरचा नट सैल करून अल्टरनेटर जेमतेम एक सूत बाहेर घेतला, आणि तेवढ्यात काम झाले. ते मी एकट्यानेच केले.