‘ग्रब रेस्क्यू’ दिसलं की डिस्क गेली, असं सांगणाऱ्याला पैसे मोजण्याआधी

काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत तीन ओळी. ‘एरर: नो सच पार्टिशन’, त्याखाली ‘एन्टरिंग रेस्क्यू मोड’, आणि शेवटी ‘ग्रब रेस्क्यू’ लिहून लुकलुकणारा कर्सर. ग्रब म्हणजे मशीन चालू होताच विंडोज किंवा लिनक्स उघडून देणारा छोटा प्रोग्रॅम. चोपडा तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याचा लॅपटॉप या पडद्यावर अडला. त्यावर दोन सिस्टिम होत्या. विंडोज उघडेना, लिनक्स मिंटही उघडेना. तो जळगावच्या एका दुकानात गेला. दुकानदारानं मशीन चालू केलं, पडदा पाहिला, लगेच बंद केलं आणि म्हणाला, “डिस्क उडी गई भाऊ. डाटा पाहिजे का?” आत कॉलेजचा प्रोजेक्ट होता. नको कोण म्हणणार?

तीन दिवसांनी हातात आलेली चिठ्ठी अशी होती: डाटा रिकव्हरी ४,५०० रुपये, नवी २५६ जीबी एसएसडी २,४००, विंडोज टाकणावळ ८००, जुनी बंद डिस्क दुकानात जमा म्हणून ३०० वजा. एकूण ७,४००. चिठ्ठी कोऱ्या कागदावर, त्यावर ना डिस्कचा मॉडेल क्रमांक, ना सीरियल. जुनी डिस्क ५१२ जीबीची होती.

त्या डिस्कला काहीही झालेलं नव्हतं, आणि त्याचा पुरावा दुकानदाराच्या डोळ्यांसमोरच्या पडद्यावर होता. जुन्या बायोस पद्धतीच्या मशीनमध्ये (बायोस म्हणजे मशीन चालू होताच बोर्डवरून सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे छोटा कप्पा, ५१२ बाइटचा असतो. त्यातल्या पहिल्या ४४६ बाइटांत ग्रबचा पहिला तुकडा बसतो. त्याचं काम एकच, पुढचा मोठा तुकडा उचलून मेमरीत आणणं. हा दुसरा तुकडा पहिल्या पार्टिशनच्या (डिस्कच्या वेगळ्या केलेल्या भागाच्या) आधीच्या मोकळ्या जागेत असतो, आणि ‘ग्रब रेस्क्यू’ ही अक्षरं तोच छापतो. म्हणजे ती अक्षरं दिसली याचा अर्थ डिस्कला वीज मिळतेय, बायोसला ती दिसतेय आणि तिच्यावरून वाचणं होतंय. अडलंय ते त्यापुढे: ग्रबला आपलं उरलेलं सामान ठेवलेलं पार्टिशन सापडत नाही. पत्ता चुकलाय, घर पडलेलं नाही. डिस्कवर दुसरीकडे खराब सेक्टर असू शकतात, ते नाकारत नाही. पण ते तपासून सांगायचं असतं, पडद्याकडे बघून नाही.

पत्ता चुकला कसा? लॅपटॉप जुना, डिस्कवर एमबीआर या जुन्या पद्धतीनं पाडलेली पार्टिशनं. या पद्धतीत मुख्य पार्टिशनं चारच, बाकीची ‘लॉजिकल’, आणि त्यांचे आकडे ५ पासून ओळीनं. विंडोजचा डी ड्राइव्ह ५ नंबरवर, मिंट ६ वर. जागा मोकळी करायला मुलानं विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून रिकामा डी ड्राइव्ह उडवला. ५ गेला, म्हणून ६ चा झाला ५. ग्रबच्या तुकड्यात मात्र ‘६ वर जा’ हेच कोरलेलं. आतल्या मिंटला धक्काही लागला नव्हता.

याचा इलाज पाच-सहा ओळींचा आहे. खालचे आदेश उच्चाराप्रमाणे दिलेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरायची आणि ‘सेट’च्या ओळीत बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडायची नाही. आधी नुसतं ‘एलएस’. (एचडी०), (एचडी०,एमएसडॉस५), (एचडी०,एमएसडॉस१) अशी यादी येते. ‘एचडी०’ म्हणजे डिस्क, ‘एमएसडॉस’पुढचा आकडा म्हणजे पार्टिशनचा नंबर. मग एकेक पार्टिशन उघडून पाहायचं: ‘एलएस (एचडी०,एमएसडॉस५)/’. शेवटची तिरकी रेघ विसरू नका. विंडोजच्या पार्टिशनवर ‘अननोन फाइलसिस्टिम’ असं उत्तर येतं, घाबरू नका, ग्रबच्या या छोट्या तुकड्याला विंडोजची रचना वाचता येत नाही एवढंच. ज्यावर बूट, ईटीसी, होम अशी नावं दिसतील ते लिनक्सचं. मग ‘सेट रूट=(एचडी०,एमएसडॉस५)’, ‘सेट प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस५)/बूट/ग्रब’, ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि ‘नॉर्मल’. नेहमीचा मेन्यू समोर येतो. बूटचं पार्टिशन वेगळं केलेलं असेल तर प्रीफिक्समधला ‘/बूट’ गाळून फक्त ‘/ग्रब’ लिहायचं.

हे तात्पुरतं झालं. लिनक्स उघडल्यावर टर्मिनलमध्ये ‘सुडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए’ आणि नंतर ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवलं नाही, तर पुढच्या वेळी पुन्हा तोच काळा पडदा. इथे ‘एसडीए’ म्हणजे अख्खी डिस्क. ‘एसडीए५’ लिहून पार्टिशनवर ग्रब टाकणारे पुष्कळ असतात, आणि मग ‘इतकं करूनही जमलं नाही’ म्हणत दुकान गाठतात.

हे जमण्यासारखं नसेल, तर निदान डिस्क जिवंत आहे की नाही हे स्वतः पाहावं.  दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर मिंट उतरवून घ्या, रूफस किंवा व्हेन्टॉय या प्रोग्रॅमनं ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाका. बूट मेन्यूसाठी लेनोव्हो आणि डेलमध्ये एफ१२, एचपीत एफ९, आसुसमध्ये एस्केप. पेनड्राइव्हवरून मिंट चालू झालं की ‘इन्स्टॉल’ला हात न लावता ‘डिस्क्स’ हा प्रोग्रॅम उघडा. डाव्या यादीत तुमची डिस्क दिसतेय? मग वरच्या मेन्यूतून स्मार्ट डाटा, म्हणजे डिस्कनं ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद, पाहा. फिरत्या हार्डडिस्कवर तीन आकडे महत्त्वाचे: ५ नंबरचा रिअलोकेटेड सेक्टर, १९७ चा करंट पेंडिंग सेक्टर आणि १९८ चा अनकरेक्टेबल. तिन्ही शून्य असतील आणि फोल्डर उघडत असतील, तर ‘रिकव्हरी’ या शब्दाला अर्थच उरत नाही. फायली पेनड्राइव्हवर ओढून टाकायच्या, झालं. त्या दुकानात ४,५०० रुपयांत झालं ते यापेक्षा वेगळं काही नसणार: डिस्क यूएसबीला जोडणारी साटा-ते-यूएसबी केबल लावायची आणि कॉपी-पेस्ट. फिरत्या हार्डडिस्कची खरी रिकव्हरी, म्हणजे ती उघडून आतलं वाचणारं हेड बदलणं, धूळमुक्त क्लीन रूममध्ये होते. उन्हाळ्यात शटर अर्धं ओढून पंख्याखाली नाही.

याच स्मार्ट यादीत ९ नंबरला ‘पॉवर-ऑन अवर्स’ असतात. मुलानं परत आलेल्या लॅपटॉपवर ते पाहिले तेव्हा ‘नव्या’ एसएसडीचे तास निघाले १९,३००. रात्रंदिवस चालू ठेवली तरी दोन वर्षांहून जास्त. (तास कमी दिसले म्हणून डिस्क नवीच, असंही धरू नका. हा आकडा पुसता येतो.) आकारही ताडून पाहावा: विंडोजमध्ये ५१२ जीबीची डिस्क साधारण ४७६ दिसते, २५६ ची २३८ आणि २४० ची २२३. २२३ दिसत असेल आणि बिल २५६ चं असेल, तर तिथेच बोला.

काळे पडदे आणखी आहेत आणि प्रत्येकावर कुणीतरी पैसे काढतो. ‘इनिटरॅमएफएस’ असं कंसात लिहून कर्सर थांबला, तर बहुतेक वेळा फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवरची फायलींची मांडणी, अर्धवट लिहिली गेलेली असते. लोडशेडिंगच्या गावांत इन्व्हर्टर नसलेल्या डेस्कटॉपवर, किंवा बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर हे हटकून होतं. पडद्यावर वरच कुठलं पार्टिशन ते लिहिलेलं असतं. ‘एफएसचेक’, म्हणजे एफ-एस-सी-के, मग ‘-वाय’, मग त्या पार्टिशनचं नाव. संपलं की ‘एक्झिट’. फक्त स्मार्टमधला १९७ चा आकडा शून्य नसेल तर एफएसचेक आधी चालवू नका. मरायला टेकलेल्या डिस्कवर ते लिहीत सुटतं आणि उरलंसुरलं घालवतं. अशी डिस्क आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमनं दुसऱ्या डिस्कवर उतरवायची, दुरुस्ती त्या प्रतीवर.

‘नो बूटेबल डिव्हाइस’ हा यातला खरा संशयास्पद. इथे डिस्क मेलेली असू शकते. पण आधी बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतंय का पाहा. दिसत असेल आणि घड्याळ मागे गेलेलं असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. सेल उतरला की बायोसच्या सेटिंग मूळपदावर जातात, बूटचा क्रम किंवा साटाचा (डिस्क जोडणीचा) मोड बदलतो आणि मशीन डिस्ककडे वळतच नाही. पन्नासेक रुपयांचं काम आहे.

‘एसबीएटी सेल्फ-चेक फेल्ड: सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ हे ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोज अपडेटनंतर दोन्ही सिस्टिम असलेल्या अनेक मशीनवर आलं. वर ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’ असंही लिहिलेलं, त्यामुळे मदरबोर्डमध्ये व्हायरस शिरला म्हणून सांगणाऱ्याचं काम सोपं होतं. व्हायरस नाही, बोर्डही शाबूत. त्या अपडेटनं जुन्या बूट लोडरना (ग्रबसारख्या सिस्टिम चालू करणाऱ्या प्रोग्रॅमना) मनाई केली होती, एवढंच. बायोसमध्ये सिक्युअर बूट (मान्यता असलेलाच बूट लोडर चालू देणारी सेटिंग) बंद करायचं, लिनक्स उघडायचं, ‘सुडो मोकयूटिल --सेट-एसबीएटी-पॉलिसी डिलीट’ चालवून एकदा रीस्टार्ट करून पुन्हा लिनक्समध्ये यायचं, सगळे अपडेट घ्यायचे आणि मगच सिक्युअर बूट पुन्हा चालू करायचं. मात्र विंडोजवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय सिक्युअर बूटला हात लावू नका.

दुकानात जावंच लागलं, तर जाण्याआधी पडद्याचा फोटो काढा आणि मागचं झाकण उघडता येत असेल तर डिस्कच्या लेबलचाही, सीरियल स्पष्ट दिसेल असा. जमा पावतीवर तो सीरियल लिहून घ्या. “जुना पार्ट मला परत पाहिजे, बंद असला तरी,” हे आधीच सांगा. ‘बंद’ डिस्क ठेवून घेण्याचा आग्रह हीच सगळ्यात मोठी खूण, कारण चालणारी ५१२ जीबी एसएसडी ३०० रुपयांत मिळणं हा त्यांचा खरा नफा. शिवाय तिच्यावर तुमचं आधार, पासबुक, सातबारा, घरातल्यांचे फोटो सगळं तसंच असतं.

या मुलाकडे डिस्कचा फोटो नव्हता, पण एसएसडीचा पुठ्ठ्याचा खोका घरी माळ्यावर होता आणि खोक्यावर सीरियल छापलेला. त्यानं दुकानात जाऊन डिस्क मागितली तेव्हा “ती भंगारात गेली” असं उत्तर आलं. मग त्यानं राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली: चिठ्ठीचा फोटो, खोक्यावरचा सीरियल, १९,३०० तासांचा स्क्रीनशॉट. हेल्पलाइनवर भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि घटनेपासून २ वर्षांत तक्रार करता येते. त्याला तिथवर जावं लागलं नाही. आठवड्याभरात भंगारात गेलेली डिस्क दुकानाच्या ड्रॉवरमध्ये सापडली.

ती लॅपटॉपला परत लावली. काळा पडदा, ‘नो सच पार्टिशन’, ‘ग्रब रेस्क्यू’. ‘एलएस’नं पार्टिशन शोधलं, ‘सेट’च्या दोन ओळी, ‘इन्समॉड नॉर्मल’, ‘नॉर्मल’, आणि मिंटचा मेन्यू आला. प्रोजेक्ट होता तिथेच होता. ती वापरलेली ‘नवी’ एसएसडी परत घेऊन दुकानदारानं तिचे २,४०० परत केले; रिकव्हरीचे ४,५०० अजून यायचे आहेत.