आठ महिने डायपर वापरून: ‘कॉटनी सॉफ्ट’मध्ये कापूस कुठाय?

आमचा धंदा टॉवेलचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग आहेत, त्यामुळे कापड हातात आलं की आधी अंगठ्यानं चोळून बघायची खोड. लेकीच्या डायपरच्या पाकिटावर ‘कॉटनी सॉफ्ट’ वाचलं आणि पहिल्याच दिवशी एक फाडला. वरच्या थराला काडी लावली तर तो वितळून गोळा झाला. सुती असता तर राख झाली असती. ते पॉलिप्रॉपिलीनचं न विणलेलं कापड. आतला पांढरा पिंजलेला माल लाकडाच्या लगद्याचा, आणि त्यात साखरेसारखे दाणे, सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे.

खरं काम हे दाणेच करतात. साध्या पाण्यात टाकले तर फुगून वाटीभर होतात, मिठाच्या पाण्यात निम्मेसुद्धा नाहीत. लघवीत क्षार असतातच, म्हणून जाहिरातीतल्या निळ्या पाण्यावर जाऊ नका. जाड डायपर जास्त शोषतो हेही खोटं, जाडी नुसत्या लगद्याचीही असू शकते.

सोलापूरचा मे महिना म्हणजे पारा त्रेचाळीसला. आधीच्या कंपनीच्या डायपरचा बाहेरचा थर साध्या पॉलिथिनचा, कॅरीबॅगच म्हणा ना. दोन दिवसांत मांड्या लालबुंद. मग हवा खेळणारा आणला. यात प्लॅस्टिकमध्ये चुन्याच्या दगडाची बारीक भुकटी मिसळून ते ताणतात, त्यामुळे सूक्ष्म छिद्रं पडतात. वाफ जाते, पाणी अडतं. खात्री करायची तर गरम पाण्याच्या पेल्यावर हा थर ताणून बांधा आणि वर आरसा धरा, धूसर होतो का बघा. पुरळ आठवड्यात बसलं. तरी दुपारी आम्ही जुन्या साडीचं लंगोटच बांधतो. डायपर रात्री आणि प्रवासात.

ओलं झालं की पिवळी रेघ निळी होते. ठीक आहे, पण लेक त्याआधीच घर डोक्यावर घेते.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण माझ्याच गाढवपणाचा. चार दिवसांनी नळाला पाणी आलं म्हणून घाईत सगळे कपडे मशीनमध्ये कोंबले, त्यात एक डायपर गेला. झाकण उघडलं तर साबुदाण्याच्या खिचडीसारखा चिकट गाळ. हिनं तोंडातून शब्द काढला नाही, तेच जास्त लागलं. आई म्हणाली, “मूठभर खडे मीठ टाक की रे.” टाकलं. फुगलेले दाणे पाणी सोडून बसले आणि मशीन तरी धुऊन निघालं. माझ्या लुंगीच्या शिवणीतून मात्र अजून एखादा दाणा निघतो.