आग्फा आयझोलेट वन: ऊन, ढग आणि अंधारी ओसरी

मामाच्या कपाटात कित्येक वर्षं पडून असलेला आग्फा आयझोलेट वन गेल्या दिवाळीत माझ्याकडे आला, १९५० च्या दशकातला जर्मन फोल्डिंग कॅमेरा (झाकण उघडलं की लेन्स घडीच्या भात्यावर पुढे येते), १२० ची रोल फिल्म, एका रोलवर ६ बाय ६ सेंटिमीटरचे १२ फोटो. फोकसची रिंग जाम होती (आतलं हिरवं ग्रीस सुकून गोंदासारखं होतं, आयझोलेटचं हे जुनंच दुखणं), ती साफ करून घेतली आणि आत्तापर्यंत आठ रोल मारलेत.

शटरला स्पीड तीनच, १/२५, १/५०, १/२०० सेकंद, आणि बी (बटण दाबून धराल तेवढा वेळ शटर उघडं). त्यामुळे कुठल्या उजेडात काय जमणार ते फिल्म भरतानाच ठरतं. ४०० ची फिल्म (आकडा मोठा तेवढी कमी उजेडात चालणारी) घालून भर दुपारी सिंहगडावर गेलो तर १/२०० ला पण एफ २२ लावावं लागलं (एफचा आकडा मोठा तेवढं लेन्सचं भोक, म्हणजे ॲपर्चर, बारीक), फोटो आले पण एवढ्या बारीक ॲपर्चरला शार्पनेस जातो. आपल्याकडच्या उन्हाला १०० चीच फिल्म घाला, एफ ११ आणि १/२००, फोकस १५ फुटांवर, साधारण १२ ते २२ फुटांपर्यंत सगळं छान शार्प येतं. आणि मागच्या लाल खिडकीवर काळी टेप लावाच, आजची फिल्म लाल उजेडानेही खराब होते, फोटोचा नंबर बघण्यापुरती सावलीत उघडायची.

सूर्य समोर असेल तर फोटो धुरकट होतो, हूड नसेल तर लेन्सवर हाताची सावली धरायची.

पण खरी मजा श्रावणातल्या ढगाळ उजेडात!! १०० ची फिल्म, १/५०, एफ ८, ओल्या दगडी भिंतीचे करडे शेड्स असे काय उतरलेत की बघत राहावं.

वाड्याच्या ओसरीत मात्र ४०० ची फिल्म, एफ ४.५ आणि १/२५ सुद्धा कमी पडतं, मग ट्रायपॉड, केबल रिलीज (कॅमेरा न हलवता बटण दाबायची तार) आणि बी. इल्फर्ड एचपी ५ (४०० ची ब्लॅक-अँड-व्हाइट फिल्म) वापरत असाल तर उजेड मोजायच्या मीटरने १० सेकंद सांगितले की २० द्यायचे, एवढ्या लांब वेळेला फिल्म मंद पडते. माझा सगळ्यात आवडता फोटो तसाच आलाय, कोपऱ्यातलं तांब्याचं घंगाळ.

अजून एक, कॅमेऱ्याचं पुढचं झाकण हळू उघडा, झटक्यात उघडलं तर भात्यातल्या हवेने फिल्म ओढली जाते, आणि फिल्म पुढे सरकवायची ती कॅमेरा उघडल्यानंतरच. कोणी विकत घेणार असेल तर आधी अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत टॉर्च धरून चारही कोपरे बघा, भोकं तिथेच पडतात.