मोटारसायकलची अधिकृत सर्विस : बिलातली एकेक ओळ तपासून

वॉरंटीतल्या गाडीला अधिकृत सर्विस सेंटरच बरं. स्प्लेंडरला कंपनीची हमी पाच वर्षं किंवा ७०,००० किमी असते, रॉयल एनफिल्डच्या ३५० ला तीन वर्षं किंवा ३०,००० किमी. क्लेम करायला गेलात की सर्विसच्या नोंदी सलग आहेत का, हे सगळ्यात आधी पाहतात. दोनशे रुपये वाचवण्यासाठी मधली एक सर्विस बाहेर करणं त्यामुळे महागात पडतं. पण त्या सेंटरमध्ये बिल कुठे फुगतं हे माहीत नसेल, तर साध्या सर्विसचा आकडा दुपटीवर जायला वेळ लागत नाही.

फुगतं ते बहुतेकदा जॉब कार्ड, म्हणजे गाडी देताना भरायचा कामाचा कागद, लिहिताना. ‘जनरल सर्विस’ एवढे दोन शब्द लिहून सही केली की पुढचं सगळं वर्कशॉपच्या मर्जीवर. तक्रार नेमकी लिहून घ्या. ‘आवाज येतो’ लिहिलं तर मेकॅनिक आधी चेन, मग टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हची फट), मग कोनसेट (हँडलच्या बेअरिंग) असं चाचपडत जातो. ‘थंड इंजिनला, तिसऱ्या गिअरमध्ये, ४० च्या पुढे टिकटिक’ असं लिहिलं तर तो थेट टॅपेटकडे वळतो. कार्डावर किलोमीटर, पेट्रोलचा काटा आणि अंदाजे रक्कम भरून घ्या. ‘फोन केल्याशिवाय पार्ट बदलू नये’ आणि ‘जुने पार्ट परत द्यावेत’ या दोन ओळी स्वतः सांगून लिहवून घ्या. जुना ब्रेक शू हातात आला की लायनर खरंच संपलं होतं का, हे नुसतं पाहूनही कळतं.

दुसरा आधार म्हणजे गाडीसोबत मिळालेली पुस्तिका. तिच्यातल्या देखभाल तक्त्यात प्रत्येक भागापुढे अक्षरं असतात : ‘आय’ म्हणजे तपासणी, ‘सी’ म्हणजे सफाई, ‘ए’ म्हणजे ॲडजस्टमेंट, ‘आर’ म्हणजे बदल. ज्या किलोमीटरला ‘आर’ नाही, तिथे तो पार्ट बदलायला काही कारण लागतं, आणि ते कारण विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. स्प्लेंडरचं ऑइल पुस्तिकेप्रमाणे दर ६,००० किमीला बदलायचं आणि मधल्या ३,००० ला पातळी पाहून भर घालायची. रॉयल एनफिल्डच्या ३५० मध्ये ऑइल १०,००० ला, मधल्या ५,००० च्या सर्विसला फक्त तपासणी. तरीही प्रत्येक फेरीला ऑइल बदला असा आग्रह होतो. रोज खडी-धुळीच्या रस्त्यावर किंवा ट्रॅफिकमध्ये दहा-दहा मिनिटं रांगत चालणाऱ्या गाडीला लवकर बदल योग्यच आहे. महामार्गावर सरळ पळणाऱ्या गाडीला तो खर्च उगाच.

आता किमती. पार्टच्या पाकिटावरची एमआरपी सगळे कर धरून असते. बिलात करपूर्व दर आणि खाली ९ + ९ टक्के जीएसटी दाखवतात, त्यामुळे गोंधळ होतो. हिशोब सोपा आहे. समजा ऑइलच्या पाकिटावर ४२० रुपये आहेत, तर बिलात दर ३५५.९३ आणि करासह ४२० यायला हवेत. दराच्या रकान्यातच ४२० लिहून वर १८ टक्के लावले, तर ४९५.६० होतात. म्हणजे एका पाकिटामागे ७५ रुपये ६० पैसे जास्त, आणि एमआरपीच्या वर वसुली म्हणजे सरळ कायद्याचा भंग. लेबरचं तसं नाही, त्यावर १८ टक्के वेगळेच लागतात. ४५० लेबर म्हणजे ५३१ हातातून जाणार. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारसायकलच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करपूर्व १,००० चा चेन-सॉकेट सेट आधी १,२८० ला पडायचा, आता १,१८० ला पडायला हवा. बिलात अजून २८ टक्के दिसले तर तिथेच थांबवा.

ऑइल सुटं भरत असतील तर बिलातला लिटरचा आकडा पाहा. स्प्लेंडरला बदलताना ०.९ लिटर लागतं. पूर्ण १ लिटर लावला असेल तर विचारा.

सगळ्यात जास्त वाद ज्यांच्यावर व्हायला हवा, त्या ओळी लोक वाचतच नाहीत : इंजिन फ्लश, ऑइल ॲडिटिव्ह, टेफ्लॉन कोटिंग, डीकार्बनायझेशन (इंजिनातली काजळी काढणं), ‘कन्झ्युमेबल्स’. पहिल्या चारही गोष्टी नेहमीच्या देखभाल तक्त्यात सहसा नसतात. ॲडिटिव्ह तर नकोच, कारण मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. जासो एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीचा जपानी दर्जा) ऑइलमध्ये घसरण वाढवणारं काही मिसळलं की क्लच स्लिप होऊ लागतो. कन्झ्युमेबल्स म्हणजे ग्रीस, चेन स्प्रे, चिंधी. ती रक्कम किती आणि कशाची, हे लिहून मागा. आणखी एक खूण सांगतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्या, बजाजच्या काही कम्यूटर म्हणजे रोजच्या वापराच्या गाड्या सोडल्या तर, इंजेक्शनच्या आहेत, त्यांना कार्बोरेटर नसतो. अशा गाडीच्या बिलात ‘कार्बोरेटर क्लीनिंग’ दिसलं, तर बिल गाडी न पाहता छापलंय.

कामाचा दर्जा मात्र बिलात दिसत नाही, तो गाडी घेताना पाहावा लागतो. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा टाकला का? जुनाच वॉशर ठेवून गळती थांबावी म्हणून बोल्ट जोरात आवळतात. क्रँककेस, म्हणजे इंजिनचं खालचं कवच, ॲल्युमिनियमचं असल्यामुळे आटे जातात आणि पुढच्या वेळी हेलिकॉइलचा (नवे आटे बसवण्याचा) खर्च तुमच्या माथी. चेन बहुतेक कम्यूटर गाड्यांत मधोमध २० ते ३० मिमी हलायला हवी. ‘टाइट केली’ म्हणजे चांगलं काम झालं असं नाही, जास्त ताणलेली चेन गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार टाकते. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का ते बघा. ऑइलची पातळी गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून पाहायची. जास्त भरलेलं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरच्या डब्यात जातं. आणि एअर फिल्टर तेलात भिजवलेल्या कागदाचा असेल, तर त्यावर हवा मारणं म्हणजे तो खराब करणं. तो फक्त बदलायचा असतो. वॉशिंगच्या प्रेशर पंपाचा फवारा एअर बॉक्स आणि वायरिंगच्या कपलरवर मारू नका, हे आधीच सांगून ठेवा.

‘फ्री सर्विस’मध्ये फक्त लेबर माफ असतं. ऑइल, गॅस्केट, कन्झ्युमेबल्स यांचे पैसे द्यावेच लागतात. कूपनवर किलोमीटर आणि दिवस दोन्ही असतात, त्यातलं जे आधी भरेल ते लागू.

दिवस निवडणंही महत्त्वाचं. दसरा-पाडव्याच्या आठवड्यात नव्या गाड्यांच्या डिलिव्हरीत वर्कशॉप गुंतलेलं असतं, सर्विस उरकली जाते. रविवारी गर्दी असतेच, पिंपरी-चिंचवड पट्ट्यात कारखान्यांच्या सुट्टीमुळे गुरुवारीही. बुधवारी सकाळी पहिल्या तासात गाडी लावली तर मेकॅनिक समोर उभं राहू देतो.

वॉरंटी संपल्यावर ब्रेक शू, चेन-सॉकेट, क्लच केबल यांसाठी चांगला स्थानिक गॅरेजवाला पुरतो. पुण्यात नाना पेठेतून कंपनीच्या होलोग्रामचे पार्ट घेऊन त्याच्याकडून बसवले की लेबर बरंच कमी पडतं. इंजेक्शनचा दिवा पेटला, एबीएसमध्ये बिघाड आला, तर मात्र कंपनीचा स्कॅनर असलेल्या जागीच जा. अंदाजाने सेन्सर बदलत बसणं फार महाग पडतं.

बिलात चूक सापडली तर काउंटरवरच दुरुस्त बिल मागा, मग वर्क्स मॅनेजरशी बोला, मग कंपनीच्या ग्राहक सेवेला जॉब कार्ड नंबरासह लिहा. तिथेही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात, तुम्ही सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. तिथे तोंडी बोलणं टिकत नाही, म्हणून जॉब कार्डची प्रत, पाकिटावरच्या एमआरपीचा फोटो आणि परत मिळालेले जुने पार्ट जपून ठेवा.